परड चावल्यावरचं पहिलं मिनिट

सर्पदंशावरच्या प्रथमोपचारांची जी यादी आपल्याकडे डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना शिकवतात, ती चारच ओळींची आहे. आधी माणसाला धीर द्या. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतो तसा, काठीच्या आधारानं स्थिर करा. वेळ न दवडता दवाखाना गाठा. वाटेत जी लक्षणं दिसली ती डॉक्टरांच्या कानावर घाला. ब्लेडनं कापणं नाही, तोंडानं विष ओढणं नाही, दोरीनं करकचून आवळणं नाही. आणि सगळ्यात वर, औषधाच्याही आधी, धीर.

वैद्यकाच्या रुक्ष कागदात एवढी मऊ गोष्ट पहिल्या क्रमांकावर बसलेली पाहून नवल वाटतं. सांत्वनाला गेलेले पाव्हणे देतात तो धीर, तो इथं कशाला? पण या धीराच्या पोटात इतकं शरीरशास्त्र दडलंय की एकेक पदर उलगडताना माणूस थक्क होतो.

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय पुस्तकी नाही. पावसाळाभर इथलं आयुष्य वावरातच जातं. पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आलेली, सोयाबीन त्याहून दाट, आणि निंदणाला आलेल्या बाया उकिडव्या बसून तासातासानं पुढं सरकत असतात. डाव्या हाताच्या मुठीत तण, उजव्या हातातला विळा बुडाशी. बुडाशी काय आहे ते दिसत नाही. घोणस, जिला इकडे परड म्हणतात, ती नेमकी तिथं असते. रंग मातीचा आणि वाळल्या पानाचा. माणसाची चाहूल लागली तरी ती सहसा पळत नाही, जागच्या जागी वेटोळं करून फुत्कारते. पुढं हिवाळ्यात रात्रीची लाइन आली की ओलितासाठी हाच शेतकरी बॅटरीच्या उजेडात धुऱ्यानं मोटरीकडं निघतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन निंदणाच्या दिवसांतले.

धीर देण्याचं पहिलं कारण साधं गणिताचं आहे. राष्ट्रीय उपचारपद्धतीच्या हिशेबानं शंभरातले सत्तर दंश बिनविषारी सापांचे असतात. उरलेल्या तिसांतही निम्म्या वेळा विषारी साप दात रोवतो, पण विष सोडत नाही किंवा बाधण्याइतकं सोडत नाही. उरले पंधरा. आता हा आकडा ऐकून कुणी घरी बसू नये, कारण आपण पंधरांत आहोत की पंच्याऐंशींत हे चावल्या क्षणी कुणालाच कळत नाही. दवाखाना शंभरही जणांनी गाठायचा. पण ‘आता मी मेलो’ असं म्हणत जाणं आणि ‘बहुतेक वाचणार आहे, तरी दाखवून येतो’ असं म्हणत जाणं यांत फरक आहे, आणि तो फरक नुसता मनाचा नाही.

कारण विष रक्तातून भळाभळा धावतं ही आपली समजूत बरीचशी चुकीची आहे. परडीच्या विषातले बरेच रेणू आकारानं मोठे असतात. केशवाहिन्यांच्या भिंतीतून त्यांना सहजी आत शिरता येत नाही. म्हणून ते आडवाटेनं जातात, लसिकावाहिन्यांतून. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तीच ही वाट. आणि गंमत पाहा, या वाटेला रक्ताभिसरणासारखं हृदय नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः थोड्याफार आकसतात, पण खरा जोर लागतो तो आजूबाजूच्या स्नायूंचा. स्नायू आवळला की लसिका पुढं ढकलली जाते, आतल्या झडपा तिला मागं येऊ देत नाहीत. गावातल्या हापशासारखं आहे हे: दांडा हलवला तर पाणी, नाही तर नाही. धावणारा माणूस स्वतःच्या हातानं तो दांडा मारत असतो.

मेलबर्नच्या स्ट्रुआन सदरलंडनं १९७९मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विष टोचलेला अवयव पट्टीनं दाबून, फळी बांधून निश्चल ठेवला तर विष बराच वेळ तिथंच अडून राहतं. आपल्याकडे पट्टीचा दाब द्यायला सांगत नाहीत, कारण घोणस आणि फुरशाचं विष जिथं साठेल तिथलं मांस सडवतं. पण निश्चल ठेवणं मात्र आपल्याही यादीत पक्कं आहे. म्हणजे पहिल्या मिनिटात शरीर ओरडून सांगतं ‘पळ’, आणि शास्त्र सांगतं ‘हलू नकोस’. इतकी उघड भांडणं या दोघांत क्वचित होतात.

शरीर असं का सांगतं? कारण भीती ही यंत्रणा वाघासाठी घडलेली आहे, विषासाठी नाही. मेंदूत खोलवर असलेला अमिग्डाला धोका ओळखतो, तो आपल्याला ‘साप!’ हा शब्द सुचायच्याही आधी. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, हृदय दुप्पट वेगानं धावतं, मांड्यांकडे रक्त जातं, नजर अरुंद होते. वाघ मागं लागला असता तर यातलं सगळं कामाचं होतं. वेळसुद्धा ताणल्यासारखी वाटते. डेव्हिड ईगलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये माणसांना उंचावरून खाली जाळ्यात पडायला लावून हे तपासलं. आपण किती वेळ पडत होतो याचा लोकांचा अंदाज तिसऱ्या भागानं फुगलेला होता, पण हातावरच्या पडद्यावर झरझर बदलणारे आकडे त्यांना एरवीपेक्षा जास्त वेगानं वाचता आले नाहीत. म्हणजे वेळ संथ होत नाही. आठवण तेवढी दाट होते. संकटात ‘सगळं सावकाश दिसत होतं’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात, पण त्या सावकाशीत त्यांना विचार करायला जास्त वेळ मिळालेलाही नसतो.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की भीती विषाचं सोंग हुबेहूब वठवते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको इतका घटतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हाताची बोटं वाकडी होऊन आखडतात, डोकं गरगरतं. शिवाय घाम, धडधड, उलटी. पाहणारा म्हणतो, विष चढलं. बिनविषारी धामण चावलेला माणूसही असा दिसू शकतो. उलट मण्यार रात्री झोपेत चावते तेव्हा बरेचदा दुखतही नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन मिटू लागतात तेव्हा घरचे म्हणतात, झोप आली असेल. जो तडफडतोय तो कदाचित ठीक आहे, आणि जो गप्प आहे तो कदाचित नाही.

म्हणून दवाखान्यात एक जुनी, बिनखर्चाची परीक्षा करतात. नवी, स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची. तीत दोन मिलिलिटर रक्त. नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरपी करायची. रक्त थिजून तळाशी चिकटलं असेल तर तूर्त निभावलं, पण परीक्षा पुन्हा पुन्हा करायची. पाण्यासारखं वाहिलं तर परडीच्या नाही तर फुरशाच्या विषानं गोठण्याची सगळी सामग्री खाऊन टाकलेली आहे, सर्पविषरोधक लस चढवायला घ्या. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शानं रक्त गोठायला लागतं, प्लास्टिकच्या नाही. साबणानं धुतलेलीही चालत नाही. नळीतलं रक्त घाबरत नाही, म्हणून डॉक्टर त्याचं ऐकतात.

आता प्रश्न असा की घाबरलेल्याला धीर द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं. ‘घाबरू नको’ म्हटल्यानं कोणी घाबरायचं थांबलेलं नाही. हृदयाला हुकूम देता येत नाही, घामाला नाही, ॲड्रिनलिनला तर नाहीच. शरीराच्या या आपोआप चालणाऱ्या कारभारात एकच खातं असं आहे ज्याला दोन धनी आहेत. झोपेत श्वास आपसूक चालतो. जागेपणी वाटलं तर तो आपण हातात घेऊ शकतो. हे खरं का, ते इथंच बसल्या जागी तपासता येतं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, नाडी सापडू द्या, आणि सावकाश खोल श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, सोडताना लांबतात. तरुण, निरोगी माणसात हा फरक बोटांना स्पष्ट कळतो. म्हणजे सोडलेला प्रत्येक श्वास हृदयाचा लगाम थोडा खेचतो.

हा लगाम म्हणजे व्हेगस नावाची नस, मेंदूच्या बुडापासून हृदयापर्यंत आणि पुढं पोटापर्यंत गेलेली. ती हृदयाला आवरते कशी, हे तपासायचा प्रयोग ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला स्वप्नात सुचला. १९२०च्या ईस्टरच्या सुमारास रात्री तो दचकून उठला, कागदावर काहीतरी खरडलं आणि झोपला; सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री तीनला तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी तो तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही मिठाच्या पाण्यात धडधडत होती. पहिल्याची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं पाणी घेऊन दुसऱ्यावर घातलं. दुसऱ्याला कोणी हात लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. पाण्यात काहीतरी उतरलं होतं. पुढं कळलं, ते असिटिलकोलिन.

लोवीला १९३६चं नोबेल मिळालं आणि मार्च १९३८मध्ये नाझींनी त्याला ग्राझमधल्या घरातून रात्री बंदुकीच्या धाकावर उचलून तुरुंगात टाकलं. आपण मारले जाणार असं त्याला वाटत होतं, आणि छळत होती ती एकच गोष्ट: शेवटच्या प्रयोगांचे निष्कर्ष अजून छापायला गेले नव्हते. त्यानं पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड मिळवलं, त्यावर निष्कर्ष लिहून जर्मन नियतकालिकाला पाठवायला दिले, आणि त्यानंतर जिवाला केवढं हलकं वाटलं ते पुढं स्वतःच लिहून ठेवलं. मला ही हकिकत त्या बेडकांच्या हृदयांइतकीच मोलाची वाटते. कोठडीचं दार त्याच्या हातात नव्हतं, पोस्टकार्ड होतं. त्यानं तेवढंच धरलं.

पण असिटिलकोलिनची खरी कमाल आपल्या वावरात आहे. हृदयाला हेच रसायन मंद करतं, आणि हातापायाच्या स्नायूंना हेच चालवतं. नागाचं विष स्नायूवरच्या त्याच्या जागा अडवून बसतं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाशी ते सुटूच देत नाही. म्हणून पापण्या मिटतात, मान लुळी पडते, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. नागदंशावर लसीच्या जोडीला निओस्टिग्मिन देतात. ते असिटिलकोलिन मोडणाऱ्या द्रव्याला रोखतं, मग साठलेलं रसायन नागाच्या विषाला रेटून आपल्या जागा परत घेतं. आणि ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हेच काम करतात, फक्त बेफाम. त्यांच्या विषबाधेत असिटिलकोलिनचा महापूर येतो: बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, छाती भरून येते, हृदय मंदावत जातं. उतारा म्हणून ॲट्रोपिन टोचतात. जे रसायन एका सावकाश उच्छ्वासात हृदयावर थेंबाथेंबानं पडतं, त्याचा दुष्काळ मण्यारीच्या दातात आणि महापूर फवारणीच्या पंपात.

२०१७च्या पावसाळ्याच्या अखेरीला यवतमाळनं तो महापूर पाहिला. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळी आणि इतर किडींनी हैराण झालेले शेतकरी-मजूर दोन-तीन औषधं एकत्र करून दाट पिकात फवारत होते, तोंडाला फार तर एक दुपट्टा. जिल्ह्यात शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं दगावली. वापरलेल्या औषधांत ऑर्गनोफॉस्फेटंही होती. तिथं दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगणं म्हणजे विष आणखी ओढा म्हणणं. मनःशांतीची शिबिरं भरवणाऱ्यांना हे बजावून सांगायला हवं: हातमोजे, मुखवटा, बूट आणि पडताळलेलं औषध ही कामं सजगतेच्या गळ्यात मारता येत नाहीत. ज्याला संरक्षण द्यायचं त्याला उपदेश देणं ही चेष्टा आहे.

सजगता म्हणजे मग उरतं काय? डोकं रिकामं करणं नव्हे. नाकपुडीशी श्वास आत येतो, बाहेर जातो. तो जसा आहे तसा जाणायचा, मन भटकलं की ओरडा न करता परत आणायचं. विपश्यनेतलं आनापान ते हेच, आणि त्यात श्वास मुद्दाम लांबवतही नाहीत. सत्यनारायण गोएंकांनी १९६९मध्ये मुंबईत विपश्यनेचं पहिलं शिबिर घेतलं, पुढं इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. अमेरिकेत जॉन कबाट-झिननं रुग्णालयात सजगतेचे वर्ग सुरू केले तेही १९७९मध्येच, सदरलंडच्या पट्टीच्याच वर्षी. आपल्या शिक्षण खात्यानं २०१२च्या सुमारास ‘मित्र उपक्रम’ म्हणून राज्यातल्या शाळांत रोज थोडा वेळ आनापान करवायचं ठरवलं होतं. सगळीकडे ते नेटानं चाललं असं नाही, पण कल्पना उत्तम होती.

उत्तम अशासाठी, की संकटात हे शिकता येत नाही. आणि श्वास भीतीपर्यंत पोचतो कसा? मेंदूच्या देठात श्वासाचा ताल धरणारा पेशींचा एक पुंजका आहे. जॅक फेल्डमन या संशोधकानं त्याच्या शेजारच्या भागाला जर्मनीतल्या एका परिषदेत टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरून नाव दिलं, ब्यॉट्झिंगर; हा पुंजका त्याला लागूनच, म्हणून प्री-ब्यॉट्झिंगर. २०१७मध्ये उंदरांत दिसलं की त्यातल्या दोनशेहूनही कमी पेशी मेंदूच्या धोक्याच्या घंटेशी जोडलेल्या आहेत. त्या काढून टाकल्या तर उंदीर नव्या जागेतही हुंगत-पळत नाहीत, निवांत बसतात. श्वासाची गती घंटेपर्यंत पोचते ती या वाटेनं. भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची धावपळ उतरते, हे मॅथ्यू लिबरमनच्या गटानं २००७मध्ये दाखवलं. ‘परड चावली. पाय जळतोय. मला भीती वाटतेय.’ एवढी तीन वाक्यं स्वतःशी बोलता येणं हीच त्या क्षणापुरती सजगता, आणि ती ज्याला सवय आहे त्यालाच सुचते. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत जून २०१८मध्ये बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुरानं अडकले. तो तरुण प्रशिक्षक पूर्वी भिक्षू होता. त्यानं मुलांना ध्यानाला बसवलं, हालचाल आणि श्वास दोन्ही कमी खर्च करायला शिकवलं. नऊ दिवसांनी पाणबुडे पोचले तेव्हा मुलं रडत-ओरडत नव्हती.

शांत असणं मात्र पुरेसं नसतं, पाहणंही लागतं. २८ सप्टेंबर २०२१ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यातून निघालेली नांदेड-नागपूर मार्गावरची एसटी वाहून गेली, माणसं गेली. त्या क्षणी कुणाच्या मनात काय होतं ते आपण काय सांगणार. पण पुलावरून पाणी वाहत असताना काठावरचे लोक ‘जातं, जातं’ म्हणतात तो प्रकार जिल्ह्यातल्या प्रत्येक नाल्यावर पाहायला मिळतो. गर्दीचा तो आवाज भीतीइतकाच आपोआप चालतो.

साप चावल्यावरही गर्दी जमतेच. कोणी मांत्रिकाकडे चला म्हणतं, कोणी साप मारायला काठी घेऊन धावतं, कोणी मिरची चारून चव कळते का पाहतं. त्यातला एक जण जरी ठिकाणावर असला तरी सगळं बदलतं: चपला-जोडवी-बांगड्या काढा, कारण सूज येणार, पाय हलू देऊ नका, १०८ला फोन लावा, आणि गाडी यायला उशीर असेल तर मोटरसायकल काढा. नेपाळच्या तराईत दमक भागात गावोगावच्या स्वयंसेवकांनी नेमकं हेच केलं. लोकांना चार गोष्टी समजावल्या आणि दंश झालेल्याला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून उपचार केंद्रात पोचवलं, पुढचा गाडी हाकणार, मागचा रुग्णाला धरून ठेवणार. दंश झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण आधी १०.५ टक्के होतं, ते ०.५ टक्क्यावर आलं. लस तीच होती, साप तेच होते. मागं बसणाऱ्यानं वाटभर काय बोलावं याचा कुणी अभ्यास केल्याचं माझ्या वाचनात नाही. यवतमाळात असेल तर मी सुचवेन, पिकाचं विचारावं, पोरांचं विचारावं, आणि दर थोड्या वेळानं ‘डोळे उघड बरं नीट’ म्हणून पापण्या पाहाव्यात, कारण त्या पडू लागल्या तर डॉक्टरांना सांगायची पहिली गोष्ट तीच.